सरासरीमागचा माणूस

"बुर्ज खलिफाची उंची किती?" या प्रश्नाला एकच उत्तर आहे, ८२८ मीटर. पण "आपल्या बिल्डिंगमधल्या मुलांना शाळेत पोचायला किती वेळ लागतो?" असं विचारलं तर? कुणाची शाळा दहा मिनिटांवर, तर कुणी तासभर स्कूलबसमध्ये. उत्तरं वेगवेगळी येणार हे गृहीत धरूनच जो प्रश्न विचारायचा, तो संख्याशास्त्रीय प्रश्न.

मी इथे मुलांना गणित शिकवते. सरासरी काढायला मुलं पटकन शिकतात. ती कुणाची आणि कशासाठी, हे विचारायला शिकवणं मात्र अवघड. अशा वेळी मला पुण्यातला एक जुना वाद फार उपयोगी पडतो. आपल्या नव्या पिढीला तो ठाऊक असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. याच संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि निळकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक पुरेसे धरले, तर तेवढं अन्न लोक महिन्याला किती खर्च करू लागले की घेतात, असा त्यांचा प्रश्न होता. १९६०-६१ च्या किमतींनुसार उत्तर आलं: दरडोई खेड्यात १५ रुपये, शहरात साडेबावीस. त्याखाली ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक होते. देश हादरला.

याच सुमारास डॉ. पां. वा. सुखात्मे पुण्यात परतले. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे सुखात्मे लंडनला संख्याशास्त्र शिकले होते. पुढे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत त्यांनी जगाच्या भुकेचा हिशेब मांडला होता. त्यांचा आक्षेप साधा, पण मुळाशी जाणारा होता. २,२५० ही सरासरी आहे. धडधाकट माणसंसुद्धा सारखं जेवत नाहीत. एकच माणूस आज कमी खातो, उद्या जास्त. मग सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येकजण उपाशी कसा? ही विविधता हिशेबात घेतली, की कुपोषितांचा आकडा बराच खाली येत होता. शिवाय दूषित पाण्याने पोट बिघडलं तर खाल्लेलं अंगी लागत नाही, म्हणून स्वच्छ पाण्याचाही विचार करा, असं ते सांगत.

१९८०च्या सुमारास हा वाद जाहीरपणे रंगला. दांडेकरांचं म्हणणं असं, की दारिद्र्य आणि कुपोषण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रेषेखालचा प्रत्येकजण कुपोषित आहे, असा आमचा दावाच नाही. तेवढ्या खर्चात माणसांना साधारणपणे पुरेसं अन्न घेता येत नाही, एवढंच आम्ही मोजतो. सुखात्म्यांच्या पद्धतीने गरिबीच झाकली जाईल, अशी टीकाही झाली.

कोण जिंकलं, असं मुलं विचारतात. मी सांगते, आकडेमोड दोघांनाही येत होती. त्यांचे प्रश्न वेगळे होते. आणि प्रश्न बदलला की सरकारी मदतीच्या हिशेबात धरलेली कोट्यवधी माणसं आत येतात किंवा बाहेर राहतात.

हा धडा इथेही लागू पडतो. १९६८ साली, म्हणजे हा देश स्थापन होण्याच्या तीन वर्षं आधी, इथल्या अमिरातींची जनगणना झाली. लोकसंख्या भरली सुमारे १ लाख ८० हजार. १९७५ साली ती साडेपाच लाखांवर गेली आणि २००५ साली ४१ लाखांवर. मुलं आलेख सुंदर काढतात. मग मी विचारते, "यातली इथे जन्मलेली किती, आणि तुमच्या आई-बाबांसारखी बॅग घेऊन आलेली किती?" क्षणभर वर्ग शांत होतो. मग हळूहळू त्यांचे प्रश्न येऊ लागतात: पुरुष किती, बायका किती? कुठल्या वयाचे? किती वर्षं राहतात?

पालकांना एवढीच विनंती, की मुलाने वर्गाची सरासरी सांगितली, तर "तुला किती?" एवढ्यावर थांबू नका. "सगळ्यांना सारखेच मिळाले का? कुणाला कमी, आणि का?" हेही विचारा. दांडेकर आणि सुखात्मे यांचा वारसा परदेशात जपायला एवढी सवयही पुष्कळ आहे.