कढईतला अननस

एखादी गोष्ट अगदीच कुचकामी आहे असं सांगायचं असेल, तर थाई माणूस म्हणतो, ‘माई पेन सप्परोत’. शब्दशः अर्थ, हा काही अननस नव्हे. आणि ज्याची नजर चौफेर फिरते, ज्याच्यापासून गल्लीतली एकही हालचाल लपत नाही, त्याचे डोळे अननसाचे. अननसाच्या सालीवरच्या खवल्यांना मराठीतही डोळेच म्हणतात, त्यामुळे ही उपमा आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. भाषेत इतकं रुजलेलं फळ त्याच मातीतलं असणार, असं कोणालाही वाटेल. पण थायलंडमध्ये अननस परमुलखातून आला आहे. आणि ज्या पदार्थामुळे तो जगभरच्या थाई उपाहारगृहांच्या मेन्यूवर चढला, त्या ‘खाव फत सप्परोत’मध्ये, म्हणजे अननस घालून परतलेल्या भातात, तांदूळ आणि मासळीचं खारं पाणी सोडलं तर बहुतेक सगळंच बाहेरून आलेलं आहे. कढईसुद्धा.

या भाताला नाक मुरडणारे खवय्ये पुष्कळ आहेत. कोरलेल्या अननसात भरलेला पिवळा भात, वर काजू, बाजूला काकडीच्या चकत्या. हे सगळं पर्यटकांसाठी मांडलेलं, असं त्यांचं म्हणणं. कोरलेल्या अननसापुरतं ते थोडंफार मान्य करता येईल. पण तिखटामिठाच्या जेवणात फळ घालण्याची थाई रीत हॉटेलांनी काढलेली नाही. ‘खानोम चीन साव नाम’ हा उन्हाळ्यातला जुना पदार्थ घ्या. तांदळाच्या गार शेवया, त्यावर बारीक चिरलेला अननस, आल्याच्या काड्या, कच्च्या लसणाचे काप, सुक्या कोळंबीची भुकटी आणि वरून नारळाचं दूध. ‘मा हो’मध्ये अननसाच्या किंवा संत्र्याच्या फोडीवर शेंगदाणे घालून शिजवलेल्या खिम्याची गोळी बसवतात. अननस आणि शिंपल्यांची ‘कैंग खुआ’ ही आमटी तर घराघरांत होते. गोव्यातलं आंबा-अननसाचं सासव ज्यानं चाखलं आहे, त्याला यात काही नवल वाटणार नाही. मोहरी, ओलं खोबरं, सुकी मिरची, गूळ आणि अननस. दोन वेगळ्या किनाऱ्यांवरच्या बायकांना एकाच फळाचं तेच करावंसं वाटलं.

दोन्ही किनाऱ्यांवर ते पोचलंही एकाच वाटेनं. 1493 मध्ये कोलंबसाच्या खलाशांना ग्वादलूप बेटावर अननस पहिल्यांदा दिसला. दक्षिण अमेरिकेतले तुपी भाषक त्याला ‘नाना’ म्हणत. पोर्तुगीजांनी त्याचं ‘अनानास’ केलं आणि तेच मराठीत ‘अननस’ झालं. अफोन्सो द आल्बुकर्कनं 1510 मध्ये गोवा घेतला, पुढच्याच वर्षी मलाक्का घेतलं आणि लगोलग दुआर्ते फर्नांदिस नावाचा दूत सयामची, म्हणजे तेव्हाच्या थायलंडची, राजधानी अयुथ्येला पाठवला. 1516 मध्ये पोर्तुगीजांचा सयामशी करार झाला आणि अयुथ्येच्या नदीकाठी त्यांची वस्ती उभी राहिली. या गलबतांवरून तोफा आणि पाद्री गेले, तसंच ब्राझीलचं शेतही गेलं. अननसाला हा प्रवास मानवणारा होता. त्याचा तुरा कापून ठेवला तरी बरेच दिवस पाण्यावाचून जिवंत राहतो आणि नव्या जमिनीत खोचला की मुळं धरतो.

जहांगीर बादशहानं आपल्या आठवणींत फिरंग्यांच्या बंदरांतून आलेल्या या सुगंधी फळाचं कौतुक केलं आहे, आणि आग्र्याच्या बागेत ते हजारोंनी पिकतं असंही लिहून ठेवलं आहे. सयामला चौदाव्या लुईचा दूत सिमों द ला लुबेर 1687 मध्ये आला. 1691 मध्ये छापलेल्या त्याच्या ग्रंथात अननस आहे आणि त्याचं सयामी नावही आहे, सप्परोत. हा शब्द ऐकला की ‘सर्वरस’ आठवावा, अशी त्याची एक लोकव्युत्पत्ती थायलंडमध्ये सांगतात. आजचं स्पेलिंग मात्र तिला साथ देत नाही. मूळ नावाचा माग लागतो तो राजधानीपासून दूर. ईशान्येकडच्या इसानमध्ये अननसाला ‘बाक नात’ म्हणतात, दक्षिणेत ‘या नात’. हे ‘नात’ म्हणजे अनानासाचं शेपूट.

काजूची गोष्ट याहून गोड आहे. तोही ब्राझीलचा, तोही पोर्तुगीजांनी आणलेला. तुपी ‘अकाजू’चं पोर्तुगीज ‘काजू’ झालं आणि कोकणानं ते जसंच्या तसं ठेवलं. थायलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, रानोंगच्या बाजूला, काजूला आजही ‘कायू’ म्हणतात. प्रमाण थाई भाषेत मात्र त्याला ‘मामुआंग हिम्माफान’ असं भारदस्त नाव मिळालं. मामुआंग म्हणजे आंबा आणि हिम्माफान म्हणजे हिमवंत, बौद्ध पुराणकथांतलं किन्नर-किन्नरींचं अरण्य. ब्राझीलच्या किनाऱ्यावरचं झाड सयाममध्ये हिमालयातला आंबा झालं. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं आंबा आणि काजू एकाच कुळातले आहेत, तेव्हा नाव ठेवणाऱ्याची नजर चांगलीच म्हटली पाहिजे. मिरचीही याच वाटेनं आली. म्हणजे अननस, काजू आणि मिरची ही अमेरिका खंडांची तीन अपत्यं एका कढईत भेटतात, आणि तिघांनाही आपण आपल्याच घरची समजतो.

आता कढई. जुनं थाई स्वयंपाकघर उकडणं, भाजणं, कुटणं आणि पानात गुंडाळून वाफवणं यांवर चालायचं. तेल कडकडीत तापवून झटपट परतायची रीत दक्षिण चीनमधून आलेल्या लोकांची, त्यातही तेओच्यू भाषकांची. अयुथ्या पडल्यावर 1767 मध्ये राज्य सावरणारा राजा ताकसिन हा तेओच्यू बापाचा मुलगा. 1782 मध्ये बँकॉक राजधानी झाली, तेव्हा राजवाड्याच्या जागेवरची चिनी वस्ती सांपेंगला हलवली गेली. आजचं चायनाटाउन तिथलंच. 1855 च्या बाउरिंग करारानं तांदळाचा व्यापार खुला झाला. मग भातगिरण्या, गोद्या, बंदरं यांच्या कामासाठी चिनी मजुरांच्या बोटी येतच राहिल्या. या माणसांनी रस्त्याकडेला शेगड्या मांडल्या. ‘फत’ म्हणजे परतणं. खाव फत, परतलेला भात. डुकराची चरबी, लसूण, अंडं आणि आदल्या दिवसाचा भात. चिनी सोया सॉसच्या जागी थाई ‘नाम प्ला’ आला, आणि ताटात लिंबाची फोड व मिरची पडली, तेव्हा तो भात थाई झाला.

नाम प्ला म्हणजे शब्दशः मासळीचं पाणी. छोटे मासे मिठात घालून वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ टाक्यांत मुरवायचे आणि निथळणारं तांबूस पाणी गाळून घ्यायचं. बाटली उघडताच येणारा वास पहिल्यांदा दचकवतो. ज्यांच्या घरी सुके बोंबील भाजले जातात, ते सहसा दचकत नाहीत.

घरात हा भात करण्यामागचं कारण जगात सगळीकडे सारखंच असतं, उरलेला भात. आपल्याकडे सकाळी फोडणीचा भात होतो, तसाच थाई घरात खाव फत होतो. यात काटकसर आहे तसं शास्त्रही आहे. थायलंडचा प्रसिद्ध सुवासिक तांदूळ ‘खाव डॉक मली 105’ हा 1950-51 मध्ये बांग ख्ला भागातून गोळा केलेल्या ओंब्यांतून निवडला गेला. त्यातल्या 105 व्या ओंबीची ओळ उत्तम ठरली म्हणून नावात तो आकडा. 1959 मध्ये हे वाण शेतकऱ्यांना मिळालं. ताजा शिजला की तो मऊ आणि किंचित चिकट असतो. तसाच परतला तर गिचका होतो. रात्रभर गार झाला की दाण्यातलं पिष्ट घट्ट होतं आणि हातानं मोडला की शीत न् शीत सुटं होतं. मराठी घरात करायचा असेल तर कालचा कोलम उत्तम. आंबेमोहोराचा हट्ट इथे धरू नये.

अननस कधी घालायचा, यातही तितकीच अक्कल लागते. फार पिकलेला अननस कढईत पाणी सोडतो आणि परतणं बाजूला राहून भात वाफवला जातो. म्हणून फळ घट्ट हवं, फोडी निथळलेल्या हव्यात आणि त्या शेवटाकडे पडायला हव्यात. कच्च्या अननसात ब्रोमेलेन हे प्रथिनं विरघळवणारं द्रव्य असतं. कापलेली कोळंबी आणि अननस एका वाडग्यात तासभर ठेवले तर कोळंबीचा लगदा होतो. तापवल्यावर ब्रोमेलेनची ताकद जाते. आधी लसूण, मग कोळंबी, ती परतून बाहेर. मग भात, नाम प्ला, चिमूटभर साखर, थोडी करी पावडर. मग फोडी आणि कोळंबी परत. शेवटी काजू आणि कांद्याची पात. सगळा खेळ पाच-सहा मिनिटांचा.

त्या करी पावडरीला थाई भाषेत ‘फोंग करी’ म्हणतात. तमिळ शब्द, इंग्रजांनी डब्यात भरलेला मसाला आणि तो वापरणारे बँकॉकचे चिनी आचारी, असा हा संसार. खेकड्याचा प्रसिद्ध ‘पू फत फोंग करी’ही त्यातूनच आला. मसालेदार भात मात्र सयामला त्याआधीपासून ठाऊक होता. दुसरा राम (राज्यकाल 1809 ते 1824) या कवी राजाच्या पक्वान्नांवरच्या नौकागीतात वेलदोडा घालून परदेशी रीतीनं शिजवलेल्या भाताचं वर्णन आहे, आणि मुस्लिम वस्त्यांमधला हळदीचा ‘खाव मोक’ म्हणजे बिर्याणीचा भाऊबंदच. या भातात कधीकधी बेदाणेही पडतात, त्यांची एक वेगळी वाट आहे. 1950 च्या दशकात डॉन मुआंग विमानतळाच्या उपाहारगृहात ‘अमेरिकन खाव फत’ जन्मला असं सांगतात: टोमॅटो केचप, बेदाणे, हॅम आणि वर तळलेलं अंडं. अमेरिकेत या भाताला कोणी ओळखत नाही. भातात गोड दाणा लागला तरी चालतो, ही सवय शहरी जिभेला अशा पदार्थांनीही लावली.

आणि मग अननस स्वस्त झाला. थायलंडचा नकाशा पाहिला तर दक्षिणेकडे तो एके ठिकाणी अगदी चिंचोळा होतो. प्राचुआप खिरी खान प्रांतात समुद्र आणि म्यानमारची सरहद्द यांच्यात जेमतेम 11-12 किलोमीटर जमीन उरते. याच प्रांतातल्या प्रानबुरीच्या वालुकामय माळांवर 1960 नंतरच्या दशकांत अननसाची शेतं आणि डबाबंद करणारे कारखाने उभे राहिले, आणि डबाबंद अननसाच्या निर्यातीत थायलंड जगात आघाडीवर गेला. कारखान्यांचं वाण ‘पत्ताविया’, म्हणजे बटाविया, आजचं जाकार्ता. चियांग राईचा मुठीएवढा ‘फुलाए’ हे नावही जोडाचं आहे, फुकेतचा ‘फु’ आणि नांग लाए गावाचा ‘लाए’. फुकेतमध्ये रबराच्या कोवळ्या झाडांच्या ओळींमध्ये अननस लावतात, जसा कोकणात नारळ-सुपारीच्या बागेत लावतात. तिथला अननस कुरकुरीत असतो आणि परतल्यावरही फोड मोडत नाही. या भातासाठी तो सगळ्यांत चांगला.

राहिली ती पोकळ अननसाची होडी. फळं-भाज्या कोरण्याची ‘कैसलाक’ ही कला सयामच्या राजवाड्यातल्या स्त्रियांनी शतकानुशतकं जोपासली, आणि फळालाच भांडं करायची हौस त्या परंपरेला धरून आहे. याच भाताला ‘खाव ओप सप्परोत’ असंही म्हणतात. ‘ओप’ म्हणजे भट्टीत किंवा झाकून शिजवणं. भरलेली होडी झाकण लावून थोडा वेळ भट्टीत ठेवली की सालीचा वास भाताला लागतो. निव्वळ देखाव्यासाठी गार होडीत ओतलेला भात आणि हा भात यांत फरक आहे. रोजच्या थाई घरात होडी नसते. ताटलीत भात, चमचा-काटा, लिंबू, काकडी, बस्स.

मुंबईकरांना थाई जेवणाची ओळख मोठ्या प्रमाणावर झाली ती 1993 मध्ये कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलात शेफ आनंद सोलोमन यांनी ‘थाई पॅव्हेलियन’ सुरू केलं तेव्हापासून. त्यानंतर हा भात मॉलपासून लग्नाच्या काउंटरपर्यंत सगळीकडे पोचला, आणि शाकाहारी पाहुण्यांसाठी नाम प्लाऐवजी सोया सॉस पडू लागला. याला पुष्कळजण तडजोड समजतात. खुद्द फुकेतमध्ये तसं समजत नाहीत. 1825 मध्ये तिथल्या काथू गावात फिरती चिनी नाटकमंडळी आजारी पडली आणि शाकाहाराचं व्रत धरल्यावर बरी झाली, अशी कथा आहे. तेव्हापासून चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या नवरात्राच्या सुमारास, तिथे ‘जे’ पाळतात. मांस-मासळी नाही, अंडं नाही, कांदा-लसूणही नाही. दुकानांवर पिवळ्या पताका लागतात आणि कढईत पडतो तो पातळ सोया सॉस, टोफू, मशरूम, काजू, आणि रबराच्या बागेतून आलेला अननस.