माहेरी बेस्ट, सासरी बीएसईएस

वीज कुणाकडून घ्यायची, हा प्रश्न आपल्या देशात फारसा कुणाला पडत नाही. ज्या गावात राहायचं तिथं जी कंपनी असेल तीच आपली. मुंबईच्या उपनगरांत मात्र २००९ पासून हा प्रश्न पडतो. आमच्या पार्ल्याच्या इमारतीत सध्या तो जोरात आहे. टाटा की अदानी? वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या मुलीने मला विचारलं, "बाई, तुम्ही काय सुचवाल?" इतिहास शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईला विजेचा सल्ला विचारला की उत्तर लांबणारच! तेव्हा मंडळी, जरा सवडीने वाचा.

माझं माहेर गिरगावचं. तिथं विजेचं बिल बेस्टचं यायचं. लग्न होऊन माहीमची खाडी ओलांडली आणि बिल बीएसईएसचं येऊ लागलं. आडनाव बदललं तशी विजेची कंपनीही बदलली, आणि दोन्ही बाबतींत मला कुणी काही विचारलं नव्हतं. आजही शहरात माहीम-शीवपर्यंत बेस्ट, पुढे उपनगरांत टाटा आणि अदानी, भांडुप-मुलुंडला महावितरण, अशी वाटणी आहे. ही वाटणी ग्राहकांच्या सोयीने झालेली नाही, ती जुन्या परवान्यांनी केलेली आहे.

बेस्टची सुरुवात १९०५ ची. त्या वर्षी बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम धावू लागली. म्हणजे दिवा आणि ट्राम एकाच घरची भावंडं. ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ही खाजगी कंपनी महापालिकेने ताब्यात घेतली. ट्राम १९६४ मध्ये बंद झाली. आमच्या पिढीला तिची घंटा अजून आठवते.

दुसरा धागा घाटातला. गिरण्या कोळशावर चालत होत्या, कोळसा दुरून आणावा लागे, आणि इकडे लोणावळ्याला पाऊस धो धो पडून वाहून जाई. ते पाणी अडवून वीज करायची कल्पना जमशेटजी टाटांची. ते १९०४ मध्ये गेले. पुढे १९१० मध्ये कंपनी निघाली, १९११ मध्ये वळवणच्या धरणाचा पाया घातला गेला आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या केंद्रातून मुंबईला वीज आली. पाठोपाठ १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा. पूर्वेकडे भीमेला मिळायचं ते पाणी असं कोकणात उतरवलं गेलं.

भिऱ्याची वीज ज्या पाण्याची, ते मुळशीचं. तिथली पन्नासेक गावं आणि भाताची खाचरं धरणाखाली जाणार होती. मावळ्यांनी १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. लोक तुरुंगात गेले, लढा १९२४ पर्यंत चालला, आणि धरण झालंच. शाळेत आम्ही हा सत्याग्रह दोन ओळींत उरकत असू. त्या दोन ओळी आपल्या घरातल्या दिव्यापर्यंत येतात, हे पुस्तकात कुठं लिहिलेलं नव्हतं.

तिसरा धागा उपनगरांचा. १९२९ मध्ये बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, म्हणजे बीएसईएस, स्थापन झाली. ती टाटांकडून घाऊक वीज घ्यायची आणि घरोघरी पोचवायची. बेस्टही टाटांकडूनच घ्यायची. म्हणजे गिरगावात आणि पार्ल्यात मी एकच वीज वापरत होते, फक्त बिलावरचं नाव वेगळं! डहाणूचं स्वतःचं केंद्र बीएसईएसने १९९५ मध्ये सुरू केलं. २००३ मध्ये ही कंपनी रिलायन्सकडे गेली, २०१८ मध्ये अदानींकडे. आमचे जुने शेजारी मात्र अजूनही "बीएसईएसचं बिल आलं का?" असंच विचारतात.

२००३ चा वीज कायदा आला. एकाच भागात दोन कंपन्यांनी वीज विकावी, ग्राहकाने निवडावी, असा त्याचा रोख. टाटांच्या जुन्या परवान्यांत, ज्यांतला पहिला १९०७ चा, घरगुती ग्राहकांना वीज विकायची मुभा आहे की नाही, हा वाद सुप्रीम कोर्टात गेला. जुलै २००८ मध्ये निकाल लागला : मुभा आहे. पण दारोदारी दुसऱ्या तारा कोण घालणार? ऑक्टोबर २००९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने तोड काढली. तारा जुन्याच कंपनीच्या वापरायच्या, तिला त्यांचं भाडं द्यायचं आणि वीज दुसऱ्याकडून घ्यायची. बिलावर 'वहन आकार' दिसतो ना, ते हे भाडं. बेस्ट स्थानिक संस्थेची असल्यामुळे आपल्या तारा दुसऱ्याला वापरू देण्याचं बंधन तिच्यावर नाही. म्हणून माझ्या माहेरच्यांना ही सोय नाही.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कंपनी बदलली म्हणून आपल्या पंख्यात वेगळी वीज येत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, ती सगळ्याच कंपन्यांच्या ग्राहकांची गेली. आपण निवडतो ते बिल.

आणि बिलामागे खरा प्रश्न आहे. जास्त वीज वापरणाऱ्याला चढा दर आणि थोडी वापरणाऱ्याला उतरता, अशी आपल्याकडे रीत आहे. मोठ्याच्या पैशातून धाकट्याला हातभार. २००९ नंतर टाटांचे दर कमी होते, तेव्हा मोठे ग्राहक भराभर तिकडे निघाले. मग मागे राहिलेल्या छोट्यांचा भार कुणी उचलायचा? शेवटी २०११ मध्ये आयोगाने निघून जाणाऱ्यांवर अधिभार बसवला. लोक चिडले. "बदलायची मोकळीक देता आणि वर दंड लावता?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ज्याला जाणं परवडतं तो गेला की राहिलेल्याचं ओझं वाढतं, हेही खोटं नाही. एकत्र कुटुंबातून मिळवता भाऊ वेगळा निघतो तेव्हा आईवडिलांचं कोण बघणार, हा प्रश्न आपण घराघरांत पाहिलेला आहे.

आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींचा वापर महिन्याला शंभर युनिटच्या आत, आणि तिसऱ्या मजल्यावर तीन एसी. दोघांना एकच सल्ला कसा द्यायचा? म्हणून त्या मुलीला मी सांगितलं ते असं : वर्षभराची बारा बिलं काढ. उन्हाळ्यातली युनिटं वेगळी, थंडीतली वेगळी. आपण कोणत्या टप्प्यात येतो ते बघ. नुसता युनिटचा दर बघू नकोस. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन सगळं धरून दोन्हीकडची बेरीज कर. आणि आयोगाचा नवा दर आला की ती पुन्हा कर. तिने केली. आजींची मी करून दिली. दोघींची उत्तरं वेगळी आली, आणि तसंच यायला हवं होतं.

निवडीचा हक्क चांगलाच आहे. नागरिकशास्त्र शिकवलेली बाई त्याला नाही कसं म्हणेल? फक्त तो उशिरा आलेला आणि लहानसा हक्क आहे, एवढं भान असावं. पाणी कुठलं वळवायचं, कुणाचं शेत बुडवायचं, कोणत्या खाडीपाशी कंपनीची हद्द संपवायची, हे आपल्या आधीच ठरून गेलं. मुळशीच्या शेतकऱ्यांपुढे दोन कंपन्यांची दरपत्रकं कुणी ठेवली नव्हती.

आपल्या नात्यागोत्यात कुणाचं मूळ गाव मुळशीच्या पाण्याखाली गेलेलं असेल, तर घरच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं जे काही आठवत असेल ते लिहून काढा आणि मलाही कळवा. बिलं जपून ठेवतो, तशा या गोष्टीही ठेवायला हव्यात.