मण कोणाचा, शेर कोणाचा?

परवा पुण्याहून नातीचा फोन आला. नववीत आहे. म्हणाली, "आजोबा, सूर्य पृथ्वीपासून १.५ गुणिले १० चा आठवा घात किलोमीटर, असं कशाला लिहायचं? सरळ पंधरा कोटी म्हटलं तर काय बिघडतं?" मी म्हटलं, "म्हण की, कोण नको म्हणतंय!" फोन ठेवला, पण प्रश्न डोक्यातून जाईना. मी पडलो इतिहासाचा बी.ए., त्यामुळे उत्तरही इतिहासातच शोधू लागलो.

मोठ्या संख्यांची भीती आपल्याकडे फार पूर्वीपासून नव्हती. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत एक, दश, शत अशी दहादहापटीने चढत परार्धापर्यंत अठरा नावे दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आज आपण त्याला १० चा सतरावा घात म्हणतो. नाव पाठ करण्याऐवजी शून्ये मोजायची, इतकेच. त्याच ग्रंथात आरंभी मापांची कोष्टकेही आहेत. आठ यवांचे एक अंगुल, चोवीस अंगुलांचा हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा क्रोश. म्हणजे आधी माप ठरवा, मग गणित मांडा. पण यव कोणत्या शेतातला आणि हात कोणाचा, हा प्रश्न उरतोच.

इंग्रजी अमदानीतही तो सुटला नव्हता. मुंबईचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांहून थोडा जास्त! आपले सोलापूर तर मुंबई-मद्रास रेल्वेच्या वाटेवरचे. नुसता 'एक मण' म्हटले तर व्यापाऱ्याने काय समजावे? त्यात धान्य मापाने मोजायची रीत वेगळी. चिपटे, मापटे, शेर, पायली. चार शेरांची पायली हे सगळ्यांना पाठ, पण माप शिगोशीग भरायचे की वरून हात फिरवायचा, यावरून भांडणे होत.

आमचे वडील मिलमध्ये होते. भोंग्यावर घरातले घड्याळ चालायचे. त्यांच्या बोलण्यात 'वीस नंबर', 'चाळीस नंबर' सूत यायचे. लहानपणी मला वाटे, चाळीस नंबर म्हणजे जाड असणार. पण ते उलट. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतील तितका नंबर. म्हणून नंबर मोठा तितके सूत बारीक. वडील म्हणायचे, "नुसता आकडा सांगू नकोस, कशाचा आकडा ते सांग." पुढे शास्त्र शिकवताना मी हे वाक्य फळ्यावर लिहीत असे.

मग नवी मापे आली. १ एप्रिल १९५७ पासून नया पैसा. मी तेव्हा सात वर्षांचा. रुपयाचे सोळा आणे आणि शंभर नवे पैसे, म्हणजे आणा सव्वासहा पैशांचा. हा पाव पैसा कोणी द्यायचा? आमची आजी रोज एका आण्याची चहाची पूड आणायला मला पाठवी. दुकानदार सात पैसे घेई. चौथ्या दिवशी आजीने हिशेब केला. चार आण्यांचे पंचवीस पैसे व्हायला हवेत, गेले अठ्ठावीस. तिने एक आण्याची पूड बंद केली आणि एकदम चार आण्यांची आणू लागली. आजी शाळेत गेलेली नव्हती. पण दर पायरीला पूर्णांक केला की चूक साठत जाते, तो शेवटी एकदाच करावा, हे तिला कळले होते. शास्त्राच्या पुस्तकात हाच नियम आहे.

वजनमापांचा कायदा १९५६ चा. तो १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला आणि एप्रिल १९६२ मध्ये जुनी मापे बंद झाली. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, म्हणजे किलो शेरापेक्षा ६७ ग्रॅमने मोठा. दर वाढले की फक्त माप वाढले, यावर घरोघरी चर्चा होई. पण सोलापूरचा किलो आणि कलकत्त्याचा किलो एकच झाला. गरिबाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती.

आता माझी एक चूक सांगतो. १९८० च्या सुमारास शाळेत शास्त्राला शिक्षक कमी, म्हणून आठवीचे शास्त्र माझ्याकडे आले. मुलांना बाकाची लांबी पट्टीने तीनदा मोजायला सांगितली. एका गटाची मापे आली १२१.२, १२१.४ आणि १२१.५ सेंटिमीटर. बाकीच्यांनी सरासरी १२१.३६६ लिहिली. एकाने फक्त १२१.४ लिहिली. मी त्याचा अर्धा गुण कापला आणि वर म्हणालो, "भागाकाराचा कंटाळा आला का?" तो काही बोलला नाही. पुढे एका प्रशिक्षणात कळले की मिलिमीटरच्या पट्टीने मोजल्यावर पुढचे आकडे लिहिणे म्हणजे न पाहिलेले पाहिले म्हणून सांगणे. बरोबर तोच होता. तोवर तो शाळा सोडून गेला होता. सांगायचे राहून गेले ते राहूनच गेले.

म्हणून रात्री नातीला पुन्हा फोन लावला. म्हटलं, "सोलापूर-पुणे २५० किलोमीटर म्हणतात. त्यातले शेवटचे शून्य मोजलेले की अंदाजाचे, हे कळते का?" ती म्हणाली, "नाही." "पण २.५ गुणिले १० चा वर्ग लिहिलं तर दोनच आकडे खात्रीचे. २.५० लिहिलं तर तिसरेही मोजलेले. तुझ्या पंधरा कोटीचंही तसंच. ही पद्धत शून्ये वाचवायला तर आहेच, पण आपल्याला किती ठाऊक आहे ते प्रामाणिकपणे सांगायलाही आहे."

ती म्हणाली, "हे आमच्या सरांनी सांगितलं नाही." मी म्हटलं, "सरांना बोल लावू नकोस. मलाही उशिराच कळलं."

तो विद्यार्थी आता साठीला टेकला असेल. कधी हे वाचलेस तर बाबा, तुझा अर्धा गुण माझ्याकडे बाकी आहे.