कुरवंड्याची सोपी वाट

लोणावळा स्थानकापासून कुरवंडे गाव साधारण सहा-सात किलोमीटरवर आहे. रस्ता डांबरी, चढ बेताचा. गुडघे दुखणारे काकाही सहज चालतील. वाटेत कधी जवळ, कधी लांब एक ओढा सोबत करतो. हीच इंद्रायणी. देहू-आळंदीला जिच्या काठावर लाखो वारकरी जमतात, ती नदी इथे कुरवंड्याजवळ उगम पावते. पाऊस ओसरल्यावर मी ही वाट चालतो, तेव्हा तिचं पात्र एका उडीत ओलांडता येतं.

वाट सोपी आहे, पण ती कोणाला सोपी आणि कोणाला महागात पडली, हे पाहिलं की मावळचा बराच इतिहास कळतो.

वाटेच्या शेवटापासून सुरुवात करू, कारण काळाच्या हिशोबाने तोच आधी येतो. कुरवंडे संपलं की सह्याद्रीचा कडा लागतो. शेजारी नागफणीचं टोक आणि खाली कोकण. १६६१ च्या सुरुवातीला शाइस्तेखान पुण्यात मुक्काम ठोकून होता. कोकण घ्यायला त्याने उझबेक सरदार कारतलबखानाला पाठवलं. सोबत रायबागन ही अनुभवी सरदारीणही होती. खान फौजफाटा आणि सामानसुमान घेऊन लोणावळ्यापर्यंत आला आणि नेहमीचा बोरघाट सोडून कुरवंड्याच्या घाटाने उतरू लागला. कोणी अडवलं नाही. अडवायचं नव्हतंच.

घाट उतरल्यावर, आजच्या खालापूर तालुक्यातल्या चावणी गावाजवळ, वाट दाट जंगलात अरुंद होते. ती उंबरखिंड. शिवाजी महाराजांचे मावळे तिथे दबा धरून होते. पुढची वाट बंद झाली, मागचीही बंद झाली. अवजड फौजेला वळायलाही जागा नव्हती. रायबागनने शरण जायचा सल्ला दिला आणि खानाने तो मानला. सामान टाकून, खंडणी कबूल करून तो परतला. मोठ्या फौजेला थोड्या माणसांनी हरवल्याची गोष्ट आपण शाळेत वाचतो. मला त्यात दुसरंही काही दिसतं. ओढा कुठे अडवतो आणि झाडी कुठे संपते, हे एका बाजूला पाठ होतं. दुसऱ्या बाजूला फक्त रस्ता माहीत होता.

या कड्यावर उभं राहून आणखी एक गंमत बघता येते. पाठीमागे पडलेला पाऊस इंद्रायणीतून तुळापूरला भीमेत जातो आणि पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळतो. समोर पडलेला पाऊस उंबरखिंडीतल्या अंबा नदीने धरमतरच्या खाडीत, म्हणजे अरबी समुद्रात पोचतो. मधलं अंतर काही पावलांचं.

दोनशे वर्षांनी इंग्रजांना हाच कडा रेल्वेने चढायचा होता. १८६३ मध्ये बोरघाटातून गाडी सुरू झाली, त्याआधी हजारो मजूर कॉलऱ्याने आणि अपघातांनी मेले. घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. शिंग्रोबा नावाच्या धनगराने साहेबाला घाटाची वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी कथा सांगतात. ती कागदावर सिद्ध होवो न होवो, घाटातून जाणारे ट्रकवाले अजून तिथे नाणं टाकतात. वाट ज्याला माहीत होती त्याची आठवण लोकांनी आपल्या पद्धतीने ठेवली.

चढावर इंजिनांना पाणी लागायचं, म्हणून जीआयपी रेल्वेने इंद्रायणीवर भुशी धरण बांधलं. आज ज्या पायऱ्यांवर भिजत आपण मक्याचं कणीस खातो, तो सांडवा मुळात वाफेच्या इंजिनांच्या तहानेसाठी होता. पुढे टाटांनी लोणावळ्याच्या आसपास तलाव बांधून पूर्वेकडे जाणारं पाणी पश्चिमेला वळवलं आणि नळांतून खोपोलीला सोडलं. १९१५ मध्ये त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. खानाला ज्या उताराने खाली ओढलं, त्याच उताराला टाटांनी कामाला लावलं.

कोळशाची इंजिनं गेली. भुशीला आता शनिवार-रविवारी गर्दीच येते. ३० जून २०२४ रोजी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यांतली बरीचशी मुलं होती. व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसं. ती अविचारी होती असं म्हणणं सोपं आहे, आणि अन्यायाचंही. थोड्या वेळापूर्वी ते पाणी घोट्यापर्यंतच असेल. पण वर डोंगरात पाऊस पडला की इथलं पाणी मिनिटांत चढतं. इथे जन्म काढलेल्या माणसाला हे ढगाच्या रंगावरून आणि पाण्याच्या गढूळपणावरून कळतं. मोबाइलच्या नकाशात ते लिहिलेलं नसतं.

मावळात वाट नेहमी माहीतगारानेच दाखवली आहे. मावळ्यांनी महाराजांना दाखवली, कथेतल्या शिंग्रोबाने साहेबाला दाखवली. आपल्याला रस्ता मिळाला, पार्किंग मिळालं, माहीतगार मात्र मागे राहिला. तो कुरवंड्यात अजून भेटतो. चहाच्या टपरीवर बसून त्याला एवढंच विचारायचं, "काका, आज वर पाऊस आहे का?" तो नको म्हणाला, तर त्या दिवशी पाण्यात पाय घालायचा नाही.