छायाचित्रकाराचे दोन हात

मौजे बीबी, तालुका लोणार, येथील एखाद्या हौशी तरुणाने चालत्या माणसामागे आपोआप वळणारा कॅमेरा सिद्ध करण्याचे मनात आणले, तर त्यास लागणाऱ्या मोटारी व इतर सरंजाम आज टपालाने घरपोच येऊ शकेल. परंतु या हुन्नराची मराठी मुलखातील हकीकत त्याला सहसा कोणी सांगत नाही.

१८९९ साली हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती चित्रित केली, त्या काळी कॅमेरा बहुधा तिवईवर अचल असे आणि चौकटीत राहण्याची जबाबदारी माणसाची असे. पुढे कोल्हापुरात आनंदराव पेंटर यांनी स्वतःच कॅमेरा घडविण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली त्यांचे अकाली निधन झाले, तेव्हा त्यांचे नात्यातील बंधू बाबूराव पेंटर यांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्यासह ते कार्य तडीस नेले, आणि १९२० साली पुण्याच्या आर्यन चित्रगृहात त्यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट झळकला. फिल्म एक चौकट पुढे सरकावी, क्षणार्ध निश्चल राहावी, तेवढ्यात झडप उघडून मिटावी, आणि हे सेकंदास सुमारे सोळा वेळा घडावे, असे ते काम. दंतचक्र किंचित सैल राहिले तरी पडद्यावरील सारे चित्र थरथरणार. असे यंत्र कोल्हापूरच्या कारागिरांनी घडविले, हे आपल्या यंत्रविद्येच्या इतिहासात ठळक अक्षरांनी नोंदले गेले पाहिजे.

उजव्या हाताने कॅमेऱ्याचा दांडा सेकंदास दोन फेरे या अढळ लयीत फिरवावयाचा, आणि पात्र चालू लागताच डाव्या हाताने कॅमेऱ्याची मान त्याच्या चालीने वळवावयाची, हे मूकपटकाळातील छायाचित्रकाराचे खरे कसब होते. १९३२ साली ‘प्रभात’ या चित्रसंस्थेच्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठीत बोलपट आणला, गती ढळली की आवाजाची पट्टीही ढळते, म्हणून सेकंदास चोवीस चौकटींचा नेम मोटारीकडे गेला आणि उजवा हात मोकळा झाला.

डाव्या हाताचे काम मात्र कित्येक दशके मनुष्याकडेच राहिले. आता संगणक माणसाची आकृती हेरून ती चौकटीच्या मध्यापासून किती ढळली हे मोजतो व त्या प्रमाणात मोटार वळवितो. प्रमाण जास्त धरले तर कॅमेरा माणसाला ओलांडून इकडेतिकडे झोके घेऊ लागतो, कमी धरले तर मागे रेंगाळतो. सर्वांत कठीण प्रसंग माणूस खांबाआड गेल्याचा: तेथे त्याच्या अखेरच्या गतीवरून अंदाज बांधून मोटार फिरती ठेवावी लागते, आणि मुरलेला छायाचित्रकार हेच गणित मनगटाने करीत असे.