आडरानातली चाके आणि कायद्याची हद्द

पिंपरी-चिंचवडच्या आकुर्डीत मुंबई-पुणे महामार्गालगत फोर्स मोटर्स आणि बजाज ऑटो या दोन कंपन्यांची मुख्यालये आहेत. फोर्सची ‘गुरखा’ चिखल, ओढे आणि खडकाळ चढ पार करण्यासाठीच बांधलेली गाडी आहे. तिच्या पुढच्या आणि मागच्या आसाला डिफरेन्शियल लॉक असतो, आणि पाण्यात उतरल्यावरही इंजिनाला हवा मिळावी म्हणून काचेशेजारून स्नॉर्कलची नळी वर गेलेली असते. बजाजच्या चाकण कारखान्यात केटीएमच्या ॲडव्हेंचर आणि एन्ड्युरो मोटारसायकली तयार होतात. रस्ता संपल्यावरही चालावीत अशी वाहने ज्या पट्ट्याच्या नावावर आहेत, तिथल्या चालकाने ती रस्ता सोडून कुठे चालवावीत, याचे उत्तर मात्र कायद्यात सापडत नाही. मौजेसाठी रस्त्याबाहेर चालवायचे वाहन असा वर्गच मोटार वाहन कायद्यात नाही. हे कोणाच्या आकसातून घडलेले नाही. शंभर वर्षे आपला वाहनकायदा रस्ता आणि कर या दोनच गोष्टींभोवती वाढला, त्यातून ही पोकळी आली. ‘आम्हाला सूट द्या’ म्हटल्याने ती भरणार नाही. चालकांनी आखलेली जागा आणि लेखी अटी स्वतः मागितल्या, तरच ती भरेल. तसे घडू शकते याचा पुरावा याच पट्ट्यातल्या बैलगाडा शर्यतींच्या घाटांत आहे.

आधी कायद्याचा इतिहास पाहू. भारतातला पहिला देशव्यापी मोटार वाहन कायदा 1914 चा. त्याच्या जागी 1939 चा आला, आणि 1 जुलै 1989 पासून सध्याचा 1988 चा कायदा लागू आहे. 1939 च्या मूळ व्याख्येनुसार मालकाच्या स्वतःच्या आवारातच वापरले जाणारे वाहन ‘मोटार वाहन’ ठरत नव्हते. 1956 च्या दुरुस्तीने हा दरवाजा अरुंद केला. वाहन कुठे वापरता यापेक्षा ते कशासाठी बनले आहे हे महत्त्वाचे ठरले, आणि कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच चालावे अशा खास बनावटीची वाहनेच तेवढी व्याख्येबाहेर राहिली. 1988 च्या कायद्याने हीच रचना उचलली. या व्याख्येचा कस लागला तो खाणींमध्ये. ओडिशातील बोलानी ओअर्स कंपनीच्या डंपरवर मोटार कर लागतो का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 1974 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की असे डंपर नोंदणीला पात्र असले, तरी ते खाणीच्या हद्दीतच चालत असतील तर त्यांच्यावर कर बसत नाही. 2025 मध्ये विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या कुंपणाआत चालणाऱ्या वाहनांबाबत न्यायालयाने तोच धागा पुढे नेला: हा कर सार्वजनिक रस्त्याच्या वापराचा मोबदला आहे, वापर नसेल तर कर नाही. पन्नास वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन निकालांतून दिसते की कायदा दोन जागा नीट ओळखतो, सार्वजनिक रस्ता आणि कुंपणाआतले आवार. या दोहोंच्या मधले माळरान, डोंगरउतार, नदीपात्र आणि समुद्रकिनारा वाहनकायद्याच्या नजरेत जवळपास येतच नाही. तिथे बोलतात ते दुसरे कायदे, आणि ते बहुतेक मनाईच्याच भाषेत बोलतात.

अशी पोकळी इतकी वर्षे कोणाला जाणवली नाही, याचेही कारण आहे. चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी आपल्याकडे कामाची म्हणून आली. 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली, तेव्हा तिचे गिऱ्हाईक लष्कर, वनखाते, पाटबंधारे खाते आणि बागायतदार होते. 1958 मध्ये सुरू झालेल्या बजाज टेम्पोने आधी मालवाहू तीनचाकी आणि पुढे मॅटाडोर दिली. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेली तिची ट्रॅक्स खेड्यापाड्यांतल्या वडापच्या वाहतुकीचा आधार झाली. 2005 मध्ये हीच कंपनी फोर्स मोटर्स झाली. जिथे डांबर पोहोचले नव्हते तिथे आडवाटेने जाणे ही गरज होती, आणि गरजेला कोणी परवाना विचारत नव्हते. मौजेचा बाजार त्यानंतरचा आहे. महिंद्राची थार 2010 मध्ये आली, गुरखा 2013 मध्ये. 2014 पासून गोव्यात ऐन पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड स्पर्धेची भारतीय फेरी भरू लागली आणि तिच्या नावाशी फोर्स गुरखा जोडली गेली. केटीएमची 390 ॲडव्हेंचर 2020 मध्ये आली आणि 390 एन्ड्युरो आर 2025 मध्ये. कामाच्या गाडीचे छंदाच्या गाडीत रूपांतर व्हायला पंधरा वर्षे पुरली, पण त्या पंधरा वर्षांत कायद्याने या छंदाची जागा कोणती हे ठरवले नाही.

छंदाची दखल घेतली गेली ती फक्त दंडाच्या कलमांत. कलम 52 नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182अ आणले. त्यानुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. मोठे टायर, उंचावलेले सस्पेन्शन, पुढे बसवलेली विंच यांतली कुठलीही गोष्ट आरटीओच्या डोळ्यांत भरली की चालकाला आपण कुठल्या बाजूला उभे आहोत हे सांगता येत नाही. कलम 189 सार्वजनिक जागी राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावायला मनाई करते. जिथे जाण्याचा लोकांना हक्क आहे अशी कुठलीही जागा या कायद्यात सार्वजनिक ठरते, मग ती रहदारीची असो वा नसो. नोंदणीचे कलम 39 ‘सार्वजनिक किंवा इतर कोणत्याही ठिकाणी’ लागू होते, तर विम्याची सक्ती करणारे कलम 146 फक्त सार्वजनिक ठिकाणापुरते आहे. म्हणजे खासगी शेतात भरलेल्या ऑफ-रोड मेळाव्यात बघ्याला इजा झाली, तर गाडीची नोंदणी हवी यावर वाद नसतो, पण भरपाई कोण देणार याची खात्री नसते. वाहन विम्याच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी सहसा वगळलेली असतात. या धूसरपणाचा तोटा चालकाला होतो, आणि त्याहून अधिक त्या बघ्याला होतो.

‘मनाई आहे ती योग्यच आहे’ हा निसर्गाभ्यासकांचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या सड्यांवर जांभ्या दगडावर मातीचा थर जेमतेम काही सेंटिमीटरचा असतो. त्यातच पावसाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत गेंद आणि सीतेची आसवं यांसारख्या वनस्पती रुजतात, फुलतात आणि बी टाकून मोकळ्या होतात. 2012 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेलेले कास त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे, पण मावळ-मुळशीतल्या कितीतरी निनावी सड्यांची प्रकृती तशीच आहे. ऑफ-रोडिंगचा हंगाम आणि या फुलोऱ्याचा हंगाम एकच असतो, कारण दोघांनाही चिखल हवा. पुण्याच्या पूर्वेकडच्या माळरानांवर उन्हाळ्यात टिटवी, धाविक आणि चंडोल उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. ती चालत्या गाडीतून दिसत नाहीत. राखीव वनात विनापरवाना शिरण्यावर 1927 च्या भारतीय वन कायद्याचे कलम 26 आहे, अभयारण्यात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम 27 आहे, आणि ही दोन्ही कलमे असायलाच हवीत. मात्र पुष्कळशी माळराने राखीव वनात येत नाहीत. ती गायरान किंवा पडीक म्हणून सरकारदप्तरी पडून आहेत, आणि गाडी तिथेच जाते. मनाईने चालक जंगलाच्या पाटीपासून दूर जातो, पण जिथे पाटी नाही त्या सड्यावर पोहोचतो. निसर्गासाठीही ‘इथे नको’ एवढे पुरत नाही, ‘मग कुठे’ हे सांगावेच लागते.

इथे बैलगाड्यांचा अनुभव कामी येतो. भोसरी, चिखली, चऱ्होली ही आकुर्डीच्या शेजारची गावे आणि पुढे खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ हा सगळा मुलूख यात्रेतल्या घाटांचा. चढावर धावणारे बैल, पुढे घोडी, हातात घड्याळ घेतलेले पंच आणि सेकंदावर ठरणारा नंबर, असा हा इथला जुना खेळ. 11 जुलै 2011 च्या केंद्रीय अधिसूचनेने खेळासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. 2017 मध्ये महाराष्ट्राने प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करून नियम केले, पण मुंबई उच्च न्यायालयाने परवानग्यांना स्थगिती दिली. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त मुभा दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. बंदीच्या या वर्षांत गाडामालकांनी घाटावर राग काढला, मोर्चे काढले, पण अखेर त्यांच्या पदरात पडले ते नियमांचे पुस्तक. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, अनामत रक्कम, धावपट्टीच्या लांबीची मर्यादा, पशुवैद्यकीय तपासणी, चाबूक आणि टोचणीला मनाई, आणि नियम मोडल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. खेळ परत आला तो आधीपेक्षा जास्त बांधलेला होऊन. संघटनांनी ही बांधणी मान्य केली, म्हणूनच न्यायालयात उभे राहायला त्यांना पाय मिळाले.

यावर कोणी म्हणेल की ही तुलना गैर आहे. बैलगाडा ही कित्येक पिढ्यांची परंपरा, ती गावदैवताच्या यात्रेशी बांधलेली. चारचाकीचा छंद कालचा. न्यायालयात संस्कृतीचा मुद्दा निर्णायक ठरला, तो जीपवाल्यांना उपलब्ध नाही. हा फरक खरा आहे, आणि म्हणूनच बैलगाड्यांकडून दावा उसना घेऊन भागणार नाही, पद्धत घ्यावी लागेल. परंपरेच्या जोरावर दार उघडले, पण ते उघडे राहिले अटींमुळे. ज्यांच्याकडे परंपरा नाही त्यांनी अटींपासूनच सुरुवात करायला हवी. शिवाय वाहनचालकाची बाजू एका अर्थाने हलकी आहे. बैलगाड्यात मुक्या जिवाच्या वेदनेचा प्रश्न होता, आणि तो जागा बदलून सुटत नव्हता. गाडीला वेदना नाही. तिचा सारा प्रश्न जमिनीचा, आवाजाचा आणि माणसांच्या सुरक्षिततेचा आहे, आणि जागा नीट निवडली तर त्यातला मोठा भाग तिथेच मिटतो.

दुसरा आक्षेप पैशांचा आहे. हा श्रीमंतांचा छंद, त्यासाठी सरकारने जमीन आणि यंत्रणा का द्यावी? याचे उत्तर अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने दिले आहे. तिथे 1971 च्या चॅपी-झेडबर्ग कायद्याने रस्त्याबाहेरच्या वाहनांची वेगळी नोंदणी सुरू केली. तिचे शुल्क आणि अशा वाहनांच्या इंधनावरील कराचा वाटा एका निधीत जातो, आणि त्यातून राखीव मैदाने, त्यांची डागडुजी आणि देखरेख चालते. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1972 मध्ये, अध्यक्ष निक्सन यांनी केंद्रीय जमिनींवर अशा वाहनांच्या वाटा ठरवून देण्याचा आदेश काढला, आणि 1977 मध्ये कार्टर यांनी नुकसान होत असलेल्या जागा तातडीने बंद करण्याची तरतूद त्यात घातली. तिथले वाद संपले नाहीत. वाळवंटातल्या कासवांसाठी आणि वाळूच्या टेकड्यांवरच्या वनस्पतींसाठी आजही खटले चालतात. पण ते खटले नकाशावरच्या ठरावीक वाटेवर चालतात, कारण नकाशा अस्तित्वात आहे. छंदाचा खर्च छंद करणाऱ्याने उचलायचा, हे तत्त्व आपल्यालाही परवडणारे आहे. लाखो रुपयांची गाडी घेणाऱ्याला वार्षिक शुल्क जड नाही.

जमीन कुठून आणायची, हा प्रश्नही पिंपरी-चिंचवडपुरता इतका अवघड नाही. मोशी परिसरात दगडखाणींनी खोल उकरलेली जमीन आहे. चाकणच्या आसपासही काम संपलेल्या खाणी सापडतील. जिथे माती आधीच गेली आहे, जिथे फुलोऱ्याचा सडा नाही आणि लोकवस्तीचा कान लांब आहे, अशा एका खाणीला कुंपण घालून ते आखलेले आवार करता येईल. कायदा आवार ओळखतोच, हे बोलानीपासून दिसत आले आहे. राज्याचे 2021 चे साहसी पर्यटन धोरण आयोजकाच्या नोंदणीची आणि सुरक्षिततेची चौकट देते. वाहनांची चाचणी करणारी एआरएआय 1966 पासून पुण्यात आहे, आणि मोटारस्पोर्टचे नियम लावणारी राष्ट्रीय महासंघाची व्यवस्थाही जुनी आहे. या सगळ्यांना एका परवान्यात बांधावे: जागेची कमाल गाडीसंख्या, आवाजाची मर्यादा, चालक आणि बघे दोघांचा विमा, पावसाळ्यानंतर तज्ज्ञांकडून तपासणी, आणि बाहेरच्या सड्यावर सापडलेल्या सदस्याला वर्षभर प्रवेशबंदी. ही शेवटची अट चालकांच्या संघटनांनी सरकारच्या आधी स्वतः लिहून द्यावी. ती लिहिण्याची तयारी दिसली, तर कलम 52 मध्ये आवारापुरत्या बदलांची वेगळी वर्गवारी मागण्याचा त्यांना नैतिक अधिकार मिळेल.

ज्या कंपन्या चिखलातून झेपावणाऱ्या गाडीची जाहिरात करतात, त्यांनीही या कामात उतरले पाहिजे. गाडी विकताना दाखवलेली आडवाट ग्राहकाला कुठेच कायदेशीर मिळत नसेल, तर त्या विक्रीत काही अपुरे राहते. आकुर्डीतल्या या उद्योगाने साठहून अधिक वर्षे शेतकऱ्याला, दूधवाल्याला आणि वडापवाल्याला जिथे रस्ता नव्हता तिथे नेले. मौजेच्या चालकासाठी जागा, निधी आणि नियम उभे करणे हे त्याच जबाबदारीचे पुढचे पाऊल आहे. महापालिका, वनखाते, परिवहन खाते आणि चालकांच्या संघटना यांनी एका खाणीपासून सुरुवात केली, तरी राज्याला पुढचा नियम लिहायला एक चालता नमुना हाती येईल.