वाशिमच्या मुलींची शाळेची वाट

वाशिम जिल्ह्यातील मुलींच्या शिक्षणाचा इतिहास हा बराचसा अंतरांचा इतिहास आहे. घर आणि शाळा यांतले अंतर, चौथी आणि दहावी यांतले अंतर, भाऊ आणि बहीण यांच्या वाट्याला आलेल्या वर्षांतले अंतर. 2011च्या जनगणनेत जिल्ह्यातील 90.55 टक्के पुरुष साक्षर होते, तर स्त्रिया 75.48 टक्के. या 15 टक्क्यांच्या मागे दीड शतकाचा काळ उभा आहे.

वाशिम हे वाकाटकांच्या एका शाखेच्या राजधानीचे, प्राचीन वत्सगुल्माचे, ठिकाण. विद्येची परंपरा इथे जुनी असली तरी ती देवळे, मठ आणि मोजक्या घराण्यांपुरती होती. पुण्यात 1848 साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा वाशिम ज्या प्रांतात येते तो वऱ्हाड निजामाच्या ताब्यात होता. 1853च्या तहाने तो इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि पुढे वाशिम, मंगरूळ व पुसद हे तालुके मिळून वाशिम जिल्हा झाला. 1860च्या दशकात वऱ्हाडात सरकारी शिक्षण खात्याची घडी बसली. पण शाळा प्रामुख्याने मुलांच्या होत्या. मुलींच्या शाळा थोड्या आणि त्याही मोठ्या गावांत. अकरा-बारा वर्षांची झाली की मुलीचे लग्न होई आणि पाटी-पुस्तक तिथेच सुटे. शिकवायला स्त्रिया मिळत नसत, आणि पुरुष मास्तरांच्या हाती मुलगी सोपवायला घरचे तयार नसत. शिक्षिका तयार व्हायच्या तर आधी मुली शिकायला हव्यात, आणि मुली शिकायच्या तर शिक्षिका हव्यात, असा हा तिढा होता.

या काळातला सर्वांत धीट आवाज वाशिमच्या शेजारचाच आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक 1882 साली छापले गेले. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे सभासद होते आणि मुलीला त्यांनी घरीच शिकवले. पुरुषांना एक न्याय आणि बायकांना दुसरा, या रीतीवर ताराबाईंनी थेट बोट ठेवले. हे पुस्तक पुढे विस्मरणात गेले, स. गं. मालशे यांनी 1975 साली ते पुन्हा प्रकाशात आणले. वऱ्हाडातली एक शिकलेली मुलगी काय लिहू शकते, याचा हा पुरावा आहे. ज्या हजारो मुलींना अक्षरओळखच झाली नाही, त्यांचे म्हणणे मात्र कागदावर आलेच नाही.

1905 साली वाशिम जिल्हा मोडला. वाशिम आणि मंगरूळ अकोल्यात, तर पुसद यवतमाळात गेला. जिल्ह्याचे ठाणे गेले, तसा वाशिमचा भाग कारभाराच्या केंद्रापासून दूर पडला. मुलींच्या लग्नाचे किमान वय 14 ठरवणारा सारडा कायदा 1929 साली झाला, पण खेड्यांत तो बराच काळ कागदावरच राहिला.

शिक्षणाची ओढ वाढवली ती समाजातल्या चळवळींनी. गाडगेबाबांनी कीर्तनातून सांगितले की ताट मोडा, पण पोरांना शाळेत घाला. पंजाबराव देशमुखांनी 1930च्या दशकात अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि तिच्या शाळा वऱ्हाडभर पसरल्या. 20 जुलै 1942 रोजी नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्षा होत्या आणि डॉ. आंबेडकर उपस्थित होते. मुलींसाठी सरकारी वसतिगृहे काढावीत, ही मागणी या परिषदेने केली. शाळा दूर असेल तर राहण्याची सोय हाच शिक्षणाचा पाया ठरतो, हे त्या बायकांनी नेमके ओळखले होते.

वऱ्हाड 1956 साली मुंबई राज्यात आणि 1960 साली महाराष्ट्रात आला. 1962 साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि गावोगावी प्राथमिक शाळा पोहोचल्या. गावात चौथी किंवा सातवीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा, आणि पुढचे हायस्कूल मोठ्या गावात किंवा तालुक्याला, अशी रचना झाली. मुलगा पायी किंवा सायकलने पुढच्या गावी जाई. मुलगी घरी राही. वाट सुनसान, वयात आलेली पोर, आणि लहान भावंडे सांभाळायला कोणी नाही, ही कारणे घरोघरी सारखीच होती. निंदण आणि कापूस वेचणीच्या दिवसांत आई रोजाने गेली की चूल आणि पाळणा थोरल्या मुलीकडे येई.

मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे तीर्थक्षेत्र आहे आणि जिल्ह्यात ठिकठिकाणी तांडे आहेत. तांड्यावरच्या मुलीसमोर आणखी दोन अडचणी होत्या. घरात गोरबोली आणि शाळेत मराठी, त्यामुळे पहिलीचे वर्ष भाषा समजण्यातच जाई. आणि कामाच्या शोधात कुटुंब बाहेर पडले की हजेरीपटावर नाव राही, मुलगी मात्र नसे. आश्रमशाळांनी या मुलांची राहण्या-जेवणाची सोय केली, पण मुलीला दूर ठेवायला आई-बाप सहज तयार होत नसत.

1980च्या दशकात राज्याने मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत केले. 1992 साली मागास घटकांतील आणि गरीब घरच्या प्राथमिक शाळेतील मुलींसाठी हजेरीच्या दिवशी 1 रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. 1996 पासून अहिल्याबाई होळकर योजनेखाली खेड्यातल्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळू लागला. फी माफ झाल्याने शाळेचा दरवाजा उघडला होता. पासामुळे त्या दरवाजापर्यंत जाता येऊ लागले. याच सुमारास बांगलादेशानेही 1994 पासून माध्यमिक शाळेतील मुलींना विद्यावेतन दिले. अट अशी, की हजेरी 75 टक्के हवी आणि लग्न झालेले नसावे.

1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा पुन्हा वेगळा झाला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी शाळेच्या वेळेच्या बसगाड्या आणि आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या. सायकलीचे मोल किती, हे बिहारात मोजले गेले आहे. तिथे 2006 साली अशी योजना आली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांच्या अभ्यासात मुलींची माध्यमिक शाळेतील नोंदणी सुमारे 30 टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि हा परिणाम मुख्यतः शाळा 3 किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत होता.

मात्र याच काळात एक भीषण गोष्ट घडत होती. 2011च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली 863 उरल्या होत्या. शाळेतली दरी बुजत असताना जन्माच्या आधीच मुलीची वाट अडवली जात होती. म्हणून 2015 साली ‘बेटी बचाओ बेटी पढाओ’ सुरू झाले, तेव्हा पहिल्या 100 जिल्ह्यांत वाशिमची निवड झाली. 2018 साली देशातील विकासात मागे राहिलेल्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीतही वाशिम आले.

2024 साली राज्याने वार्षिक 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक उच्च शिक्षणाचे शुल्क माफ केले. खर्चाची अडचण अशी एकेक पायरीने वर सरकत गेली: प्राथमिक, माध्यमिक, मग महाविद्यालय. ज्या घरात फीपेक्षा लग्नाची घाई, कामाचा भार किंवा वाटेची भीती मोठी आहे, तिथे शुल्कमाफी एकटी पुरत नाही. वाशिमच्या दीड शतकात शाळेतल्या मुलींची संख्या वाढली ती शिक्षिका, वसतिगृह, एसटी आणि सायकल यांनी एकेक अडचण दूर केली तेव्हा. लोकसंख्येतील मुलीचा वाटा घटू न देणे आणि बारावीच्या पटावर तिचे नाव टिकवणे, ही दोन्ही कामे तिथे आजही एकत्रच करावी लागतात.